मुक्काम पोस्ट दिल्ली

शांतिपथ हा दिल्लीतला बहुधा सर्वांत शिस्तीचा रस्ता. दोन्ही बाजूंना वकिलाती, मध्ये हिरवळीचे रुंद पट्टे, आणि गुळगुळीत डांबरावरून आवाज न करता जाणाऱ्या लांब काळ्या मोटारी. काही वर्षांपूर्वी या मोटारींच्या रांगेत अधूनमधून एक रिक्षा दिसायची. दिल्लीची रिक्षा म्हणजे अंग हिरवं आणि टप पिवळा. ही मात्र पांढरी होती आणि तिच्यावर रंगीत फुलांची नक्षी होती. घाईतल्या माणसानं सवयीनं हात दाखवावा, ‘चलोगे भैया?’ म्हणायला तोंड उघडावं, आणि तेवढ्यात नंबरप्लेटकडे लक्ष जाऊन हात खाली घ्यावा, अशी ती रिक्षा. मागच्या बाकावर मेक्सिकोच्या राजदूत मेल्बा प्रिआ बसलेल्या असत. २०१५ साली त्या दिल्लीत आल्या आणि कचेरीच्या कामाला जाण्यायेण्यासाठी त्यांनी मोटारीऐवजी तीन चाकं पसंत केली.

दिल्लीत नंबरप्लेट वाचणं हा लोकांचा आवडता उद्योग आहे. डीएल ३सी दिसलं की दक्षिण दिल्लीचा माणूस, एचआर २६ म्हणजे गुडगाव, यूपी १६ म्हणजे नोएडा, आणि मग त्या त्या गावच्या चालकांबद्दलची ठरलेली मतं. रंगही वाचले जातात. पांढरी पाटी घरच्या गाडीची, पिवळी भाड्याची, हिरवी विजेवर चालणारीची, काळ्यावर पिवळी अक्षरं असली तर स्वतः चालवायला भाड्यानं घेतलेली. आणि निळी परदेशी वकिलातीची. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत आधी देशाचा सांकेतिक आकडा, मग ‘सीडी’, मग गाडीचा क्रमांक. वाणिज्य दूतावासाची असेल तर ‘सीसी’, संयुक्त राष्ट्रांची असेल तर ‘यूएन’.

या निळ्या पाटीसाठी १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ४२ वं कलम राखून ठेवलेलं आहे. अर्ज परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रोटोकॉल विभागाच्या हातून पुढे सरकतो आणि नोंदणीचं प्रमाणपत्रसुद्धा वेगळ्या नमुन्यात येतं. त्याच्याही वर १९६१ चा व्हिएन्ना करार आहे. वकिलातीच्या वाहनाची झडती घ्यायची नाही, ते जप्त करायचं नाही, आणि राजदूताच्या वाहनावर त्याच्या देशाचा झेंडा फडकू द्यायचा. त्या वाहनाला चाकं किती असावीत, हे मात्र करारात कुठेच लिहिलेलं नाही.

गंमत अशी की ज्या दिवसांत मेक्सिकोची रिक्षा आपला नंबर मिरवत फिरत होती, त्या दिवसांत खुद्द भारताच्या राष्ट्रपतींच्या गाडीला नंबर नव्हता. पाटीच्या जागी फक्त राजमुद्रा. घटनात्मक पदांवरच्या व्यक्तींच्या गाड्यांनाही इतरांसारखा नोंदणी क्रमांक दिसला पाहिजे, हे दिल्ली उच्च न्यायालयानं जुलै २०१८ मध्ये मार्गी लावलं. म्हणजे तोवर या शहरात रिक्षातली पाहुणी बाई नोंदलेली होती आणि यजमान बिननोंदीचे.

रिक्षा निवडण्यामागे हवेचा विचार होता, आणि मेक्सिको सिटीच्या माणसाला तो शिकवावा लागत नाही. तिथे १९८९ पासून नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यावरून ठरावीक वारी गाडी घरी ठेवावी लागते. दिल्लीनं तोच आकड्यांचा खेळ जानेवारी २०१६ च्या पहिल्या पंधरवड्यात करून पाहिला, सम तारखेला सम आणि विषम तारखेला विषम. त्या पंधरा दिवसांत सीडी पाटीला सूट होती आणि सीएनजीलाही सूट होती. दिल्लीच्या रिक्षा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर सीएनजीवर गेल्या, तेव्हा राजदूतबाईंचं वाहन दोन्ही दरवाजांनी सुटत होतं.

पुढे ही लागण दुसऱ्या एका वकिलातीत झाली. २०२२ च्या अखेरीस अमेरिकी दूतावासातल्या चार महिला अधिकारी स्वतः रिक्षा चालवत कामावर जातात, अशी बातमी आली. त्यांतल्या अ‍ॅन मेसन यांनी त्याआधी पाकिस्तानात गोळ्या अडवणाऱ्या गाडीत दिवस काढले होते. काचेतून बाहेरच्या रिक्षा दिसायच्या आणि एकदा तरी ही चालवायची असं मनात यायचं. जन्मभर गिअर न बदललेल्या त्या बाईंनी दिल्लीत क्लच शिकून घेतला. शरीन किटरमन यांची रिक्षा गुलाबी. कल्पना मेक्सिकोच्या राजदूतांवरून घेतलेली. किटरमन यांचा जन्म कर्नाटकातला. मग अमेरिका, तिकडचं नागरिकत्व, आणि तिकडच्याच अधिकारी म्हणून दिल्लीत नेमणूक. जन्मलेल्या देशात परदेशी म्हणून वाहन घ्यायचं, आणि तेही रिक्षा!

पण हे झालं वकिलातीतल्या मंडळींचं. दिल्लीत याहून कितीतरी जास्त परदेशी माणसं निळ्या पाटीशिवाय राहतात. गुडगावच्या कारखान्यांतले जपानी इंजिनिअर, नोएडातले कोरियन व्यवस्थापक, निजामुद्दीनला खोली घेऊन राहिलेले वार्ताहर, शाळांतले शिक्षक, दिल्ली विद्यापीठात शिकायला आलेली आफ्रिकी मुलं. बऱ्याच जपानी कंपन्या आपल्या माणसांना इथे स्टिअरिंगला हातच लावू देत नाहीत. गाडी कंपनीची आणि चालक इथला. बाकीच्यांना मात्र कधीतरी वाटतं, की मेट्रो, रिक्षा आणि मोबाईलवरून बोलावलेल्या टॅक्सीत किती दिवस काढायचे. आणि एका शनिवारी ते शोरूममध्ये शिरतात.

शोरूममध्ये काहीच अडत नाही. चहा येतो, पांढऱ्या गाडीलाच पुढे किंमत येते हे समजावून सांगितलं जातं, चाचणीसाठी एक फेरी होते. अडतं ते एका साध्या प्रश्नाशी. पत्ता? फॉर्म २० मध्ये गाडीच्या मालकाचा कायमचा पत्ता आणि तात्पुरता पत्ता असे दोन रकाने आहेत. गावाकडच्या मराठी माणसालाही हे रकाने भरताना क्षणभर थांबावं लागतं, कारण कायमचा म्हणावा असा पत्ता आता कुणाला सांगता येतो? पण त्याच्याजवळ निदान वाड्याचं नाव असतं, पोस्ट आणि तालुका असतो. नैरोबीहून किंवा ओसाकाहून आलेल्या माणसाचा कायमचा पत्ता आरटीओच्या संगणकाच्या जिल्ह्यांच्या यादीत बसत नाही. राहतो तो तात्पुरता, आणि तो तर सिद्ध करायचा असतो.

सिद्ध करण्याची वाट रामकृष्णपुरमवरून जाते. तिथे ईस्ट ब्लॉक आठमध्ये परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं कार्यालय आहे, सगळे त्याला एफआरआरओ म्हणतात. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्यानं आल्यापासून १४ दिवसांत नोंद करायची. आता बरंचसं काम ऑनलाइन होतं, पण कागद तेच. घरमालकानं भाडेकरू परदेशी असल्याचं कळवणारा फॉर्म भरलेला हवा, भाडेकरार हवा. आणि दिल्लीतला भाडेकरार असतो अकरा महिन्यांचा. वर्षाच्या पुढे गेला की १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे तो रीतसर नोंदवावा लागतो, मुद्रांक वाढतो, म्हणून साऱ्या देशानं अकरावर समाधान मानलं आहे. या अकरा महिन्यांच्या कागदावर निवासाचा परवाना टेकतो, निवासाच्या परवान्यावर पॅन कार्ड आणि बँकेचं खातं, आणि खात्यावर गाडीचं कर्ज. उतरंडीतलं सगळ्यात खालचं मडकं सगळ्यात लहान असावं, तशी ही मांडणी.

आता मुदतींची बेरीज पाहावी. करार अकरा महिन्यांचा, व्हिसा बहुधा वर्षाचा आणि मग वाढवत न्यायचा. १८२ दिवस राहिलेल्या परदेशी रहिवाशाला आधार मिळतं, पण तेही व्हिसाच्या तारखेला बांधलेलं. या सगळ्यांच्या जोरावर हातात येतं ते आरसी बुक, आणि त्यावर वैधता असते पंधरा वर्षांची. रस्त्याचा करही एकरकमी, पुढच्या सगळ्या वर्षांचा आजच. दिल्लीत १० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला किमतीच्या १० टक्के, डिझेलला साडेबारा. ज्याला सरकार पुढच्या मार्चपर्यंतच इथे धरतं, त्याच्याकडून ते पंधरा वर्षांच्या रस्त्यांचे पैसे घेऊन ठेवतं. घेणाराही आनंदानं देतो. किती दिवस राहणार, हा प्रश्न त्याला विमानतळापासून घरमालकापर्यंत प्रत्येकानं विचारलेला असतो. गाडी घेताना त्यानं पहिल्यांदा स्वतःहून एक मोठा आकडा सांगितलेला असतो.

गाडीचं आयुष्यही इथे कायद्यानं मोजलेलं आहे. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना राजधानी क्षेत्रात मनाई केली. पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांसह ती २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उचलून धरली, आणि अंमलबजावणीवरून २०२५ मध्येही न्यायालयाच्या फेऱ्या चालूच होत्या. त्यामुळे दिल्लीतल्या डिझेल गाडीलाही एका अर्थी व्हिसा असतो. मुदत भरली की ना-हरकत पत्र घेऊन तिनं दुसऱ्या राज्यात जायचं.

या सगळ्या कामाच्या जागेला दिल्लीकर आरटीओ म्हणत नाहीत. ते म्हणतात ‘अथॉरिटी’. शेख सराय अथॉरिटी, मॉल रोड अथॉरिटी. बाहेरच्या झाडाखाली टेबल टाकून बसलेला दलाल, त्याच्याकडे सगळ्या फॉर्मांचे गठ्ठे, स्टेपलर, गोंद, आणि ‘हो जाएगा’ हा एकच शब्दप्रयोग. ऑगस्ट २०२१ मध्ये दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनी आयपी इस्टेटच्या कार्यालयाला समारंभानं कुलूप ठोकलं. ३३ सेवा घरबसल्या मिळतील असं जाहीर झालं. देशी माणसाचं काम त्यानं खरोखर हलकं केलं. परदेशी माणसाची अडचण मात्र अशी, की त्याचं प्रकरण कधीच नेहमीचं नसतं. संगणकावरच्या रकान्यात बसत नाही ते समजावून सांगायला समोर चेहरा लागतो.

इथे एखाद्या पुणेकराला परक्याविषयी सहानुभूती वाटण्याऐवजी ओळख पटेल. कारण एमएच १२ ची गाडी घेऊन बदलीवर दिल्लीत आलेला माणूस मोटार वाहन कायद्याच्या नजरेत थोडासा परदेशीच असतो. कलम ४७ म्हणतं, बारा महिन्यांहून जास्त गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर घ्या. त्यासाठी पुण्याहून एनओसी, इथे नव्यानं कर, तिथे उरलेल्या कराच्या परताव्याचा अर्ज. बदलीच्या नोकरीवाल्यांसाठी २०२१ मध्ये ‘बीएच’ मालिका निघाली, पण ती सरकारी नोकरांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या कंपन्यांच्या माणसांना. बाकीचे मंगळवारी दुपारी नाक्यावर थांबवले जातात. हवालदार विचारतो, ‘महाराष्ट्र से? कब आए?’ आणि समोरचा माणूस, सहा वर्षं मयूर विहारला राहिलेला, न अडखळता सांगतो, ‘पिछले महीने.’

राजधानी क्षेत्र तर दिल्लीला तीन राज्यांचे तुकडे जोडून केलेलं. घर नोएडात, कचेरी गुडगावात आणि मधली सगळी वाट दिल्लीची, असे हजारो लोक रोज तीन सरकारांच्या रस्त्यांवरून जातात. त्यात स्वीडनचा कोण आणि सोलापूरचा कोण, याला टोलनाक्यावर महत्त्व नसतं.

जुन्या काळी परदेशी माणूस गाडी इथे घेत नसे, घेऊन येत असे. साठ-सत्तरच्या दशकांत लंडन, अ‍ॅमस्टरडॅमहून निघालेल्या फोक्सवॅगन व्हॅन तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून दिल्लीपर्यंत यायच्या. बरोबर कार्ने नावाचं एक पुस्तक असे. प्रत्येक सीमेवर एक पान फाटायचं, आणि गाडी विकून रिकाम्या हातानं परत जाता येत नसे. स्टिअरिंग डावीकडे असायचं, आणि त्याचीही कायद्यानं सोय करून ठेवली. आजच्या कायद्याचं १२० वं कलम सांगतं, की डाव्या स्टिअरिंगची गाडी चालवायची तर इशारा देणारं यांत्रिक किंवा विजेचं साधन तिच्यावर हवं. खिडकीतून बाहेर काढायचा उजवा हात त्या चालकाला इथे नव्हताच ना.

वकिलातीच्या गाड्यांना त्या काळात वेगळंच तेज होतं. देशात अ‍ॅम्बेसिडर आणि फियाट, त्याही नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची. चाणक्यपुरीत मात्र मर्सिडीज, शेव्हरोले, टोयोटा. या करमाफ गाड्या बदली झाल्यावर वाटेल त्याला विकता येत नसत. त्या सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे जायच्या, १९५६ मध्ये स्थापन झालेल्या, आणि तिथून बोली लावून बाहेर पडायच्या. त्या काळात मुंबईच्या रस्त्यांवर लोकांनी वळून पाहिलेल्या कितीतरी परदेशी मोटारींची पहिली पाटी दिल्लीतल्या कुठल्यातरी वकिलातीची होती. नवा मालक, नवा नंबर, कधी नवा रंगही. तीन वर्षांच्या नेमणुकीवर आलेला मुत्सद्दी केव्हाच विसरला गेला आणि त्याची गाडी इथे तीस वर्षं राहिली.

परदेशाचा तेव्हा आणखी एक उपयोग होता. बजाजच्या स्कूटरसाठी दहा-दहा वर्षं रांग असायची, पण परकीय चलनात किंमत भरणाऱ्याला रांगेबाहेरून गाडी मिळे. मुलगा अमेरिकेत गेला, डॉलर पाठवले आणि सदाशिव पेठेतल्या वडिलांच्या दारात चेतक उभी राहिली, हे दृश्य मराठी घरांनी पाहिलेलं आहे. आकुर्डीत तयार झालेली स्कूटर पुण्यात यायला न्यू जर्सीमार्गे यायची.

आज हाच व्यवहार उलट्या अंगानं करोल बागेत चालतो. तिथल्या गल्ल्यांत मोटरसायकलींची दुकानं आहेत. जुन्या बुलेट दुरुस्त करून विकणं, भाड्यानं देणं, आणि तीन महिन्यांनी परत घेण्याच्या बोलीवर विकणं हा पिढ्यांचा धंदा. लष्करी सेवा संपवून आलेली इस्रायली पोरं, फ्रेंच, इंग्रज, सगळ्यांना मनाली आणि लेहला बुलेटवरूनच जायचं असतं. इंग्रजाला इथे आपल्या आजोबांच्या वेळची गाडी भेटते. इंग्लंडमधल्या रेडिचला जन्मलेली ही मोटरसायकल १९५५ पासून मद्रासजवळ बनू लागली, मूळची इंग्रजी कंपनी सत्तरीच्या सुरुवातीला बंद पडली आणि बुलेट इथली होऊन राहिली. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. मेकॅनिक एवढंच बजावतो आणि पाना पुसत आत जातो.

पर्यटक व्हिसावर आलेल्या या गिऱ्हाइकाला दाखवायला इथला पत्ता नसतो. म्हणून गाडी त्याच्या नावावर होत नाही. आरसी कुणा जुन्या मालकाची, बरोबर त्याच्या सहीचे मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, तारखेची जागा कोरी. तेच कागद पुढच्या मोसमात पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातात. अशा कागदांचं काय होतं, ते सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये एका अपघाताच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. गाडी कितीही हातांतून गेली तरी सरकारी दप्तरात ज्याचं नाव, तोच मालक आणि भरपाई त्याच्याकडून.

मे-जून आला की परदेशी शाळांची वर्षं संपतात आणि वसंत विहारच्या दुकानांत, सोसायटीच्या फलकांवर ‘भारत सोडतोय, गाडी विकणे’ अशा चिठ्ठ्या लागतात. गाडी जाते, पैसे मिळतात, फॉर्मवर सह्या होतात आणि माणूस विमानात बसतो. घेणारा नाव बदलायला आज जाऊ, उद्या जाऊ करत राहतो. तोवर ल्योंला पोचलेल्या एका शिक्षिकेची पंधरा वर्षांच्या नोंदणीची गाडी दिल्लीत तिच्याच नावानं धावत असते, पत्ता डिफेन्स कॉलनीतला. लाल दिवा तोडला की कॅमेरा फोटो काढतो आणि ई-चलनाचा मेसेज दप्तरातल्या मोबाईलवर जातो. तो मोबाईल मात्र बंद झालेला. रिचार्ज थांबलं की काही महिन्यांनी कंपनी तोच नंबर दुसऱ्याला देते. मग कधीतरी बदरपूरमधल्या, सायकलही नसलेल्या एखाद्या मुलाच्या फोनवर कुणा फ्रेंच बाईच्या मोटारीचा दंड येऊन पडतो. तो घाबरून मित्राला दाखवतो. मित्र म्हणतो, मोबाईल नंबर बदलून घे, ऑनलाइन होतं. करून पाहिलं तर संगणक आधी विचारतो, या गाडीचा मालक तूच का?